राक्षसाची जीभ कुणी कापली?

गेल्या बैठकीत मी म्हणालो, या अंकासाठी मी एका बॅलेवर लिहिणार, तर दोघंतिघं हसले. एक साथी सरळ म्हणाला, "वस्तीत नळाला पाणी नाय, आणि तू सायबाच्या देशातल्या बोटांवर नाचणाऱ्या बायांवर लिहिणार? त्याला पेपरातले समीक्षक बसलेत की." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण हा नाच ज्या गोष्टीवर बसवलाय ती गोष्ट मी चार महिने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आहे, आणि त्या गोष्टीत जो माणूस आहे त्याला सोडून देणं मला जमेना. म्हणून लिहितो. ज्याला पाण्यावर लिहायचंय त्याने लिहावं, मी वाचीन.

नाचाचं नाव 'फ्रँकेन्स्टाइन'. लंडनच्या रॉयल बॅलेने तो ४ मे २०१६ रोजी कव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये पहिल्यांदा केला. तीन अंक. बसवणारा लिअम स्कार्लेट, तेव्हा तीस वर्षांचा; त्या मोठ्या रंगमंचावर पूर्ण संध्याकाळभराचा त्याचा हा पहिलाच नाच. (पुढे २०२१ साली तो पस्तिसाव्या वर्षीच गेला.) संगीत लोवेल लीबरमन या अमेरिकन माणसाचं, नेपथ्य आणि कपडे जॉन मॅकफार्लेनचे. सॅन फ्रान्सिस्को बॅलेने यात भागी केली होती, त्यांनी २०१७ साली तो आपल्याकडे केला. रॉयल बॅलेला 'रॉयल' हे नाव राजसनदेने मिळालं १९५६ साली. आपण नागपूरला जमलो त्याच साली. त्यांना राणीने नाव दिलं, आपण आपलं जुनं नाव टाकलं. असो.

मी लंडन पाहिलेलं नाही, पाहीन असंही वाटत नाही. मी पाहिलं ते रेकॉर्डिंग, एका मित्राच्या लॅपटॉपवर, दोन रात्रींत, दुसरी पाळी सुटल्यावर. त्यात व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन झालाय फेडेरिको बोनेली, एलिझाबेथ झालीय लॉरा मोरेरा, आणि व्हिक्टरने घडवलेला तो झालाय स्टीव्हन मॅक्रे.

आता 'तो' म्हणजे कोण, त्याला मराठीत काय म्हणायचं, इथंच पहिली ठेच लागते. राक्षस म्हणावं तर ते व्हिक्टरने दिलेलं नाव. बॅलेच्या पत्रिकेत त्याला 'क्रीचर' म्हणतात, म्हणजे घडवलेला जीव. कादंबरीत त्याला नावच नाही. आणि गंमत बघा, जगभर लोक त्यालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. ते तर घडवणाऱ्याचं आडनाव! आमच्या खात्यातून जो ताका निघतो त्याच्यावर गिरणीचा छाप असतो, विणणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तसंच हे. मी त्याला इथे निनावी म्हणणार आहे.

आधी कादंबरीबद्दल थोडं, कारण ती वाचल्याशिवाय नाच बघणं म्हणजे पंक्तीत उष्टं बघणं. १८१५ च्या एप्रिलात इंडोनेशियात तांबोराचा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. त्या १८१६ च्या गारठ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी बायरन कवीच्या बंगल्यात पाऊस बघत बसलेल्या मंडळींनी पैज लावली, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यात एक पोरगी होती अठरा वर्षांची, मेरी. पुढे तिने आडनाव लावलं शेली. तिची आई मेरी वोलस्टनक्राफ्ट, जिने १७९२ मध्ये बायकांच्या हक्कांचं पुस्तक लिहिलं, ती हिला जन्म देऊन थोड्याच दिवसांत मेली. १८१८ च्या जानेवारीत कादंबरी छापून आली तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. निनाव्याची गोष्ट, तीही निनावी छापलेली.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, पण बहुतेकांना माहीत असतो तो सिनेमा. व्हिक्टर हा सुखवस्तू घरातला मुलगा, शिकायला इंगोलश्टाटला जातो, प्रेतांचे तुकडे जमवून एक माणूस घडवतो, त्यात जीव घालतो, आणि त्याने डोळे उघडले रे उघडले की घाबरून पळून जातो. का? तो काही करत नाही. नुसता दिसतो. पिवळी कातडी, काळे केस, काळपट ओठ. बस्स, एवढाच गुन्हा. जन्मला आणि दिसला.

पुढे पुस्तकाच्या बरोबर मधोमध सहा प्रकरणं आहेत. त्यात निनावी स्वतः बोलतो. मित्रांनो, ही सहा प्रकरणं तुम्ही वाचाच, मी हात जोडून सांगतो. कारण ते आत्मकथन आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही. तो सांगतो की थंडी काय असते ते मला माहीत नव्हतं, ती काय आहे हे कळायच्या आधी ती लागत होती. तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीला फट असते. त्या फटीतून तो एक गरीब कुटुंब बघतो, आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा, मुलगी. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. त्यांना वाटतं कुणी पुण्यात्मा येऊन जातो. मग त्या घरात एक परदेशी बाई येते, तिला ते लोक आपली भाषा शिकवायला लागतात, आणि हा फटीला कान लावून तिच्याबरोबर शिकतो. तिला शिकवणारे आहेत, याला फट आहे. तरी तो तिच्यापेक्षा लवकर शिकतो!

माझा आज्जा शाळेच्या ओट्याखाली बसून पाढे शिकला. आतली पोरं म्हणायची, हा खाली ओठ हलवायचा. चौदापर्यंत पाढे त्याला म्हाताऱ्या वयातही येत होते, पंधराचा नव्हता येत. का तर त्या साली मास्तराने त्याला तिथून उठवलं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मेरी शेली नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोरीला ही फट ठाऊक होती, एवढंच सांगायचंय. तिला ती कुठून ठाऊक झाली? बाई होती म्हणून असेल. पुरुषांच्या गप्पा ऐकत कोपऱ्यात बसणारी.

पुढे निनाव्याला रानात एका पेटीत तीन पुस्तकं सापडतात. मिल्टन, प्लुटार्क आणि गटे. ती तो खरी मानून वाचतो. रद्दीच्या गठ्ठ्यातनं वाचायला शिकलेल्या माणसाला हे कळेल. आपल्याला निवड नसते, हाताला लागेल ते खरं. मग एक दिवस धीर करून तो घरात शिरतो, आंधळा म्हातारा एकटा असताना. म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलतो. का नाही बोलणार, त्याला दिसत नाही ना! तेवढ्यात बाकीचे येतात. मुलगा काठीने झोडपतो.

आता बॅले. स्कार्लेटने ही झोपडीच काढून टाकली आहे. आंधळा म्हातारा नाही, फट नाही, तीन पुस्तकं नाहीत, सरपण नाही. उत्तर ध्रुवाचं जहाजही नाही, पण ते गेलं तर जाऊ दे. झोपडी गेली म्हणजे काय गेलं? आत्मकथन गेलं. ज्या सहा प्रकरणांसाठी ही कादंबरी दोनशे वर्षं टिकली तीच गेली. उरलं काय? व्हिक्टरच्या कोटाच्या खिशातली डायरी. तो कोट निनाव्याने पळवलेला असतो, डायरी वाचून त्याला आपला जन्म कळतो. डायरी कादंबरीतही आहे. पण मला सांगा, बॅलेतला हा निनावी वाचायला कुठे शिकला? आपोआप? सायेबांनो, आपोआप कोणी वाचायला शिकत नाही. मालकाच्या पोरांना तसं वाटतं, कारण त्यांना आपण कधी शिकलो ते आठवत नाही. आम्हाला प्रत्येक अक्षर कुठे भेटलं ते आठवतं.

यावर बॅलेवाले म्हणतील, बाबा रे, नाचात शब्द नसतात, बोलणं कसं दाखवणार? हा मुद्दा मी टाळणार नाही. उलट याच्यावर माझा थोडा अधिकार आहे. मी विणाई खात्यात आहे. साचे चालू झाले की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. आठ तास आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो. दोन बोटं कात्रीसारखी केली की ताण्याचा धागा तुटलाय. मूठ कपाळाला लावली की साहेब येतोय. चहा, बिडी, भूक, शिवी, आज पगार होणार नाही, अमक्याच्या बायकोला मुलगी झाली, हे सगळं आम्ही हाताने सांगतो. म्हणून बॅले बघताना मला तो परका वाटलाच नाही. उलट थेटरात बसलेल्या पांढरपेशांपेक्षा मला तो लवकर कळत असेल असं वाटलं. पण मला हातवाऱ्याची हद्दही माहीत आहे. हाताने भूक सांगता येते. 'माझा ओव्हरटाइम तुम्ही कुठल्या कलमाखाली कापला' हे हाताने विचारता येत नाही. त्याला साचा बंद करावा लागतो आणि तोंड उघडावं लागतं.

निनाव्याचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे. त्याला नुसतं दुःख नाही, त्याचं म्हणणं आहे. तो व्हिक्टरला बर्फावर गाठून वाद घालतो. म्हणतो, तू मला घडवलंस तर तुझं माझ्याकडे काही लागतं, तू तुझं कर, मग मी माझं करतो. हे वकिली बोलणं आहे. मुद्द्याला मुद्दा. व्हिक्टरजवळ उत्तर नसतं. बॅलेत तोच निनावी विनवतो, लोळण घेतो, पाय धरतो, थरथरतो. मॅक्रे विलक्षण नाचतो, त्याच्या अंगभर टाक्यांच्या रेघा आहेत, डोकं केसांवाचून, आणि पाय असे पडतात की प्रत्येक पायाला दुसऱ्या पायाची ओळख नसावी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाणी आलं म्हणूनच मला संशय आला. मुद्दा गेला आणि दया उरली. आपल्याबद्दल लिहिणारे सज्जन लोक आपलं असंच करतात.

आणि झोपडी नाचात बसत नव्हती, हे मला मान्य नाही. नाचात भाषा म्हणजे काय? पाऊल. मग त्या कुटुंबाला नाचवा, साधा घरगुती नाच, आणि फटीपलीकडे याला तीच पावलं टाकायला लावा. पहिल्यांदा उलटी, मग अडखळत, मग एक पाऊल बरोबर, मग चार, आणि शेवटी त्यांच्यापेक्षा सुंदर. एकही शब्द न उच्चारता शिकणं दिसलं असतं. बघून बघून शिकणं हीच तर नाचाची शाळा. तमाशाच्या फडात कितीतरी पोरी कनातीच्या भोकातून बघतच शिकल्या. स्कार्लेटच्या हातात हे साधन होतं. त्याने पहिल्या अंकात काय केलं, तर विद्यार्थ्यांचा गुत्ता, दारू, बाया, टेबलांवर उड्या. तो नाच लांबतच जातो. निनावी जन्माला येतो अंकाच्या अगदी शेवटी. शवविच्छेदनाच्या त्या उंच दालनात ठिणग्या उडतात, प्रकाश लखलखतो, आणि हा उठतो, व्हिक्टर पळतो, पडदा. गुत्त्याला वेळ होता, झोपडीला नव्हता.

खरं म्हणजे एकट्या स्कार्लेटला धरून उपयोग नाही. निनाव्याची जीभ कापायची रीत जुनी आहे. कादंबरीवर पहिलं नाटक झालं २८ जुलै १८२३ ला, लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाऊसमध्ये, रिचर्ड ब्रिन्स्ली पीकने लिहिलेलं. त्यात टी. पी. कुक नावाच्या नटाने निनावी केला, आणि तो मुका होता! पुस्तक येऊन साडेपाच वर्षं झाली तोच त्याची वाचा गेली. जाहिरातीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. त्या ऑगस्टमध्ये मेरी शेली स्वतः नाटक बघून आली, आणि ती रेघ तिला आवडली. मुकेपणाबद्दल तिला काय वाटलं असेल कोण जाणे. मग १९३१ चा जेम्स व्हेलचा सिनेमा, त्यात बोरिस कार्लोफ. सुरुवातीच्या पाट्यांत त्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि पडद्यावर नुसतं गुरगुरणं. जगाने जो चेहरा लक्षात ठेवला तो हाच. २०११ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये निक डिअरच्या नाटकात (डॅनी बॉयलने बसवलेल्या) गोष्ट निनाव्यापासून सुरू झाली आणि त्याला बोलायला मिळालं. दोन नट आलटूनपालटून एक दिवस मालक, एक दिवस निनावी. ही कल्पना मला फार आवडली. दोन्ही कामं एकाच माणसाला करायला लावणं. आपल्याकडच्या एखाद्या साहित्य संमेलनात करून बघावी.

यात राजकारण आहे का? कुणी म्हणेल, हा ओढूनताणून आणतोय. तर ऐका. १६ मार्च १८२४. म्हणजे त्या मुक्या नाटकाला वर्षही झालं नव्हतं. ब्रिटिश पार्लमेंटात वेस्ट इंडीजमधल्या गुलामांबद्दल चर्चा चालली होती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग उठला आणि त्याने या कादंबरीचा दाखला दिला. त्याचं म्हणणं असं, की गुलाम अंगाने दांडगा पण बुद्धीने पोर आहे, त्याला एकदम मोकळं सोडलं तर त्या गोष्टीतल्या प्राण्यासारखं होईल, घडवणाऱ्याच्याच अंगावर येईल. बघा म्हणजे! पुस्तकातला निनावी मिल्टन वाचतो, पार्लमेंटातला निनावी बुद्धीने पोर. मधे काय झालं? मधे त्याची जीभ कापली गेली. बोलणारा निनावी हातात असता तर कॅनिंगला हा दाखला देता आला नसता; त्या निनाव्याने उलटा सवाल केला असता की मला असं कुणी केलं. गुलामगिरी रद्द करायचा कायदा व्हायला त्यानंतर १८३३ साल उजाडलं. म्हणून मी म्हणतो, मंचावर निनाव्याला मुकं ठेवणं ही नुसती कलेची सोय नाही. मुक्याबद्दल कोणीही काहीही बोलू शकतो.

इथवर मी बॅलेला शिव्या घातल्या. आता जे सांगणार आहे त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

दुसरा अंक. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम, त्याचा वाढदिवस. बागेत पोरं आंधळी कोशिंबीर खेळतायत. विल्यमच्या डोळ्यांवर पट्टी. बाकीचे पांगतात, पोर एकटंच हात पुढे करून चाचपडत राहतं, आणि त्या हाताला निनावी लागतो. पोर हसतं. त्याला वाटतं, खेळातलाच कुणीतरी. तो त्याचा हात धरतो, आणि दोघं नाचतात.

हे कादंबरीत नाही. कादंबरीत डोळ्यावर पट्टी नाही, मूल त्याला बघताच किंचाळतं. स्कार्लेटने आंधळा म्हातारा काढला आणि त्याचं आंधळेपण या पोराच्या डोळ्यावर बांधलं. मी तो भाग तीनदा मागे घेऊन बघितला. कारण बॅले ही कला कशावर उभी आहे? शिवण्यावर. सगळा खेळ कमरेला हात, हाताला हात, खांद्यावर उचलणं, अंगावर अंग टाकणं याचा आहे. एकाने दुसऱ्याला धरलं नाही तर दुसरा पडतो. पहिल्या अंकात व्हिक्टर आणि एलिझाबेथ किती वेळ एकमेकांना धरतात, उचलतात, बघणाऱ्याला त्याचं काही वाटतही नाही. आणि मग अशा जगात एक जण येतो ज्याला कोणी शिवत नाही. जन्मल्यापासून एकाही माणसाने त्याला आपणहून हात लावलेला नाही. पहिला हात लागतो तो डोळे बांधलेल्या पोराचा. जे मेरी शेलीला सहा प्रकरणं लिहून सांगावं लागलं, ते या माणसाने एका रुमालाने सांगितलं. हे शब्दांना जमलं नसतं. हे मी कबूल करतो, माझा हातवाऱ्यांच्या हद्दीचा सिद्धांत इथे लंगडा पडतो, पडू दे.

मग पट्टी निघते. पोर बघतं, भितं. निनावी त्याला गप्प करायला जातो आणि पोर मरतं.

डोळे बांधलेले असेपर्यंत माणूस, सोडले की राक्षस. आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने खोली मागितली आहे त्यांना हा रुमाल माहीत आहे. फोनवर सगळं ठरतं. भाडं, डिपॉझिट, चावी कधी. मग आडनाव विचारतात.

पण इथे थांबायला हवं, कारण इथेच आपली माणसं घसरतात. हल्ली आपल्यातल्या काही कवींना स्वतःला राक्षस म्हणवून घ्यायची हौस आली आहे. कवितेत दात, नखं, रक्त. टाळ्याही पडतात. मला विचाराल तर निनाव्याने जो लहान पोराचा जीव घेतला त्याला मी विद्रोह म्हणणार नाही. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पोराच्या गळ्यातलं चित्राचं लॉकेट सापडतं जस्टिनजवळ. जस्टिन कोण? घरातली कामवाली पोर. खून केला निनाव्याने, फाशी झाली जस्टिनला. कादंबरीत तर तो ते लॉकेट झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यात स्वतः सरकवतो. म्हणजे ज्याला सगळ्यांनी तुडवलं, त्याला तुडवायला त्याच्या खालची एक मोलकरीण सापडली! बाबासाहेबांनी उतरंडीची गोष्ट सांगितली ती हीच, प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेलं असतं.

आणि व्हिक्टर? त्याला खरं ठाऊक असतं, तो गप्प बसतो. कादंबरीत पाद्री जस्टिनला बहिष्काराची भीती घालून खोटा कबुलीजबाब घेतो, एलिझाबेथ तिच्या बाजूने उभी राहून बोलते, काही उपयोग होत नाही. बॅलेत हे उरकलंय. फाशी होते, भयंकर वाटते, पण ती का झाली यातला व्हिक्टरच्या गप्प बसण्याचा वाटा धूसर राहतो. त्याचा चेहरा इतका दुःखी आहे की आपण त्यालाच सांभाळायला लागतो. बोनेली हा देखणा नट आहे, दुःख त्याला शोभतं. मालकाचं दुःख मंचावर नेहमीच शोभतं. जस्टिनला स्वतःसाठी नाचायला किती वेळ मिळाला ते तुम्ही बघताना मोजा.

तिसऱ्या अंकात लग्नाचा सोहळा. झुलणारे घागरे, जोड्या गिरक्या घेतायत, आणि त्या गर्दीत निनावी मधेच दिसतो, मधेच नाहीसा होतो. भयकथेचा हा भाग चांगला जमलाय, लीबरमनचं संगीतही इथे जोरात आहे; वॉल्ट्झ वाजतो आणि त्याच्या खालून काहीतरी सरकत असतं. मग एकेक जण मरतात, मित्र हेन्री, एलिझाबेथ. फार भराभर. जिवंत माणसं पत्त्यांसारखी पडली की बघणाऱ्याला हिशेब लागत नाही, दुःख तर दूरच.

शेवटी दोघंच उरतात. घडवणारा आणि घडलेला. दोघा पुरुषांचा हा नाच मी पाहिलेल्या नाचांत एकमेव आहे, म्हणजे मी फार नाच पाहिलेत असं नाही. त्यात मारामारी आणि मिठी वेगळी काढता येत नाही. व्हिक्टर शेवटी त्याला धरतो, पण ढकलण्यासाठी. आणि व्हिक्टर स्वतःला गोळी घालून घेतो. निनावी त्या प्रेताला जवळ घेतो.

मला हा शेवट पटला नाही. कादंबरीत व्हिक्टर जहाजावर आजारी पडून मरतो, आणि मग निनावी खिडकीतून येतो, त्या प्रेतापाशी उभा राहतो आणि बोलतो. शेवटचं बोलणं त्याचं आहे! तो आपली चूक कबूल करतो, पण विचारतोही, की मला काठीने मारणारे, मला गोळी घालणारे, ते गुन्हेगार नाहीत का, एकटा मीच का? आणि बर्फावर उडी टाकून निघून जातो. बॅलेने त्याला बापाच्या मढ्याशी बांधून ठेवलं. ज्याने टाकलं त्याच्याचसाठी रडत. घडवणाऱ्याने आपलं म्हणावं म्हणून झुरत मरणं हा एक रस्ता आहे, पण तो एकच नाही. आमच्याकडे १९३५ साली येवल्याला एका माणसाने झुरणं थांबवलं आणि पुढे एकवीस वर्षं विचार करून दुसरं घर शोधलं. स्कार्लेटला हे माहीत असायचं कारण नाही. आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण तो शेवट बघून नुसतं रडून उठू नये.

एक गोष्ट मात्र कादंबरीविरुद्धही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल याला पुस्तक देव झालं. निनाव्याचं ते आत्मकथन आपल्यापर्यंत पोचतं कसं? निनावी व्हिक्टरला सांगतो, व्हिक्टर जहाजाच्या कप्तानाला सांगतो, कप्तान वॉल्टन लिहून घेतो. आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की ती टिपणं व्हिक्टरने तपासली, दुरुस्त केली, भर घातली. म्हणजे निनाव्याच्या आत्मकथनाचा संपादक कोण, तर मालक! एवढं असूनही ते इतकं पेटतं, तर मूळ बोलणं काय असेल? त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं असतं तर? पुढच्या बैठकीत हा प्रश्न घ्यावा असं मी सुचवतो, कारण आपल्यातल्या काहींची आत्मकथनं सध्या कुठकुठल्या प्रकाशकांच्या टेबलावर 'शुद्ध' होतायत ते आपल्याला माहीत आहे.

इंग्लिश नॅशनल बॅलेने २०२१ साली अक्रम खान यांच्याकडून 'क्रीचर' नावाचा आणखी एक नाच बसवून घेतला. खान हे बांगलादेशी आईबापांचे लंडनमध्ये वाढलेले, कथक शिकलेले. त्यांनी ही गोष्ट 'वॉयझेक' या जर्मन नाटकाशी जोडली, म्हणजे मालकांच्या प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या शिपायाशी. तो मी अजून पूर्ण पाहिलेला नाही. पाहिला की लिहीन, पानं असली तर.

मित्राने लॅपटॉप रविवारी द्यायचं कबूल केलंय. समाजमंदिरात सकाळी दहाला, वीज असेल तर. अख्खा नाच लावणार नाही, तीन तास कोणी बसणार नाही. फक्त आंधळी कोशिंबीर लावणार. आणि त्यानंतर आपल्या अभ्यासवर्तुळातली ताई झोपडीचं प्रकरण मराठीत सांगेल. तिने ते उतरवून काढलंय, दोन वह्या भरल्यात. पाण्यावर लिहिणाऱ्या साथीनेही यावं. त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधायची जबाबदारी माझी.